कवळीखाली कोण बघणार?

मी कोड लिहिणारा माणूस, दातांचा डॉक्टर नाही. तरी आज कवळीबद्दल बोलणार आहे.

आजीला पॅरालिसिसचा झटका आला, बोलणं गेलं. घरी सिस्टर यायच्या. बीपी, शुगर, औषधं, सगळं वेळेवर. पण आजी जेवेना. आम्हाला वाटलं, वयामुळे असेल. आठवड्याने कवळी काढली, तर टाळूला जखम! सिस्टर म्हणाल्या, "दादा, तोंड कसं तपासायचं हे आम्हाला कुणी नीट शिकवलंच नाही." आणि मी तरी कुठे बघितलं होतं?

प्रश्न नुसत्या दातांचा नाहीये. गिळायला त्रास असला की तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात, न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. नर्स किंवा काळजीवाहक ज्यांचे दात प्रत्येक जेवणानंतर घासून द्यायचे, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के. बाकीच्यांत १९!

मग शिकायचं काय? पेशंटला बसतं करा, मान किंचित पुढे. ब्रश मऊ घ्या. जीभ, हिरड्या, टाळू टॉर्चने बघा. कवळी रात्री काढा, घासून साध्या पाण्यात ठेवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवा.

आता सिस्टरच्या वहीत बीपीच्या शेजारी नवा रकाना आहे: तोंड.

आज घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा, "कवळी टोचते का?" त्यांना सांगता येत नसेल, तर मोबाइलचा टॉर्च लावा आणि स्वतः बघा.