घरबसल्या पाहिलेली चित्रे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला आहे तो 'अलीकडे पाहिलेले चित्रपट व मालिका' असा. या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, वेदान्त अशी पक्वान्ने वाढली जातात; त्यांच्यामध्ये आमचा विषय म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचे लोणचे. तरी लोणच्याविषयी जितके वाद घरोघर होतात तितके वेदान्ताविषयी होत नाहीत, एवढे समाधान आम्हांला आहे. आम्ही समीक्षक नव्हे. पैसे देऊन पाहणारे आणि पाहिल्यावर शेजाऱ्याशी बोलल्यावाचून राहवत नाही असे साधे प्रेक्षक, एवढीच आमची पात्रता.

पहिली गोष्ट अशी की, आज ज्यांविषयी बोलावयाचे ते सर्व आम्ही घरी बसून पाहिले. पूर्वी माणूस थिएटरात जाई, तिकीट काढी, दिवे मालवले की अंधारात मुकाट बसे. चित्रपट मालक असे आणि आपण पाहुणे. आता मालकी आपल्याकडे आली आहे. कंटाळा आला, थांबवा. फोन वाजला, थांबवा. इतकेच नव्हे, तर चित्र दीडपट वेगाने पळवण्याचीही सोय आहे, आणि आमच्या घरातली तरुण मंडळी ती सर्रास वापरतात. विलंबित ख्याल दीडपट वेगाने ऐकला तर तो द्रुत होत नाही, नुसता विचित्र होतो, हे त्यांना कसे सांगावे ते आम्हांला कळत नाही. म्हणून आज जी चित्रे मुद्दाम सावकाश चालतात त्यांविषयीच बोलावे असे ठरवले.

त्यांत पहिला मान 'कोर्ट'चा. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याला पारितोषिके मिळाली, आणि २०१५ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. तो तेव्हा पाहावयाचे राहून गेले होते. या वर्षी पाहिला, आणि आठवड्याने पुन्हा पाहिला.

कथा एवढीच. नारायण कांबळे नावाचा एक वृद्ध लोकशाहीर आहे. मुंबईच्या वस्त्यांतून तो गाणी म्हणतो. गटार साफ करणारा एक कामगार गटारात मरतो, आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला पकडतात. पुढे खटला चालतो, म्हणजे चालत नाही, तारखा पडतात. साक्षीदार येत नाही, तारीख. कागद आला नाही, तारीख. ज्यांनी एकदा तरी कोर्टाची पायरी चढली आहे त्यांना यात नवल काही नाही. नवल आहे ते हे की, दिग्दर्शक आपल्याला त्या बाकावर बसवतो आणि उठू देत नाही. कॅमेरा एका जागी उभा. पुढे वकील बोलताहेत, मागे दुसऱ्याच खटल्याची माणसे पुकाऱ्याची वाट पाहताहेत. आपणही पाहतो.

त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते, तो प्रसंग आम्हांला विसरता येत नाही. ती रडत नाही. विचारले तेवढे सांगते. नवऱ्याचा एक डोळा गटारातल्या वायूने गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरे. उतरण्यापूर्वी आत खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजावयाचे. श्रोतेहो, ज्या शहरात चंद्रावर यान धाडण्याच्या बातम्या सकाळी चहाबरोबर वाचल्या जातात त्या शहरात माणसाच्या जिवाचे मोजमाप झुरळ करते! आणि हे सांगताना त्या बाईच्या आवाजात तक्रारसुद्धा नाही. आमच्या सौभाग्यवती ऐकता ऐकता म्हणाल्या, "अहो, हिला कोणी बसा तरी म्हणा."

माणसाला गटारात उतरवून हातांनी मैला काढावयास लावणे कायद्याने बंद केले आहे. २०१३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली यातच सर्व आले. मरणे थांबले असते तर भरपाईचा प्रश्नच उरला नसता.

तथापि 'कोर्ट' हा प्रचारपट नाही, आणि त्याचे बळ यातच आहे. सरकारी वकील बाई (ही भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी फार समजून केली आहे) कोर्टात एकोणिसाव्या शतकातले कायदे घडाघडा वाचते, आणि संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेऊन येते, स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही. ती आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात राहते. बचावाचा वकील सधन, मोठ्या दुकानातून वाइन आणि चीज घेणारा; तोही मनाने सरळ. न्यायमूर्ती सुटीत सहलीला जातात आणि एका नातलगाला मुलासाठी अंकशास्त्र आणि अंगठी सुचवतात. कोणीच राक्षस नाही, आणि म्हातारा मात्र तुरुंगात. राक्षस दाखवला असता तर आम्ही त्याला शिव्या देऊन स्वस्थ झोपलो असतो.

शाहिराचे काम करणारे वीरा साथीदार हे नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. २०२१ साली करोनाने ते गेले. पडद्यावर ते थोडेच बोलतात, पण त्यांची नजर कोर्टातल्या सगळ्या भाषणांना पुरून उरते.

आता जरा हलके होऊ. 'पंचायत' ही हिंदी मालिका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती २०२० सालच्या एप्रिलात आली, म्हणजे सारा देश कड्या लावून घरात बसला होता तेव्हा. तिच्या यशाला त्या टाळेबंदीचाही हातभार लागला असावा. शहरातला एक पदवीधर मुलगा फुलेरा नावाच्या गावी पंचायतीचा सचिव होऊन जातो. गावच्या प्रधान कागदोपत्री मंजूदेवी, कारभार मात्र त्यांचे पती पाहतात. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव या जोडीने जे केले आहे त्याला अभिनय म्हणण्यापेक्षा संसार म्हणावे. चाकांच्या खुर्चीवरून रुसवेफुगवे होतात, सौरदिव्यांवरून राजकारण होते. आम्ही मनमुराद हसलो.

पहिल्या भागमालेच्या शेवटी सव्वीस जानेवारी येते. झेंडा प्रधानाने स्वतः फडकवला पाहिजे असा वरून हुकूम. मंजूदेवींना राष्ट्रगीत येत नाही, त्या ते शिकतात. ऐन वेळी अडखळतातही. ते पाहून डोळ्यांत पाणी येते, हे आम्ही नाकबूल करणार नाही. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी २०११ सालापासून राखीव आहेत, आणि 'सरपंचपती' हा शब्द मराठीला कोणा कोशकाराने दिलेला नाही. तो गावोगावच्या अनुभवातून आला आहे.

मग आमचे बोट कोठे ठेवावयाचे? फुलेरा गावात जात फारशी कोठे दिसत नाही. भांडणे आहेत, हेवेदावे आहेत, पाणवठे मात्र सर्वांचे एकच असावेत असा भास होतो. उत्तर भारतातले असे गाव कोणी आम्हांला नकाशावर दाखवले तर आम्ही तेथे बिऱ्हाड करू.

आणि योगायोग पाहा. राष्ट्रगीत आणखी एका चित्रात आहे: नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त. २०१४ साली तो आपल्या चित्रपटगृहांत आला. कैकाडी समाजातला जब्या, त्याचा बाप कचरू, सारे कुटुंब गावातले डुक्कर पकडावयास धावते आहे. डुक्कर हाती येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, मग बापही. डुकराला मात्र राष्ट्रगीत ठाऊक नाही. हसावे की काय करावे, हे प्रेक्षकाला समजत नाही. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेली दिसतात. कोणी त्यांवर भाष्य करत नाही. मंजूदेवींच्या राष्ट्रगीताने आम्हांला रडवले, जब्याच्या राष्ट्रगीताने झोप घालवली. दोन्ही आपलीच गावे. परंतु एकाच संध्याकाळी दोन्ही पाहिली तर पहिल्याची गोडी थोडी कमी होते, हे सांगणे भाग आहे.

शेवटचा 'द डिसायपल'. हाही ताम्हाण्यांचाच, २०२० चा. व्हेनिसला त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. शरद नेरूळकर हा हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी. गुरूंचे पाय दाबतो, पहाटे तानपुरा घेऊन बसतो, रात्री मोटरसायकलवरून सुनसान मुंबईत फिरताना 'माईं'च्या जुन्या भाषणांच्या फिती ऐकतो. माई पडद्यावर कधी दिसत नाहीत. आवाज सुमित्रा भावे यांचा. त्याग करा, एकांत धरा, लोकांसाठी गाऊ नका, असे तो आवाज सांगत राहतो. शरद सगळे ऐकतो, सगळे करतो. आणि गळा काही उघडत नाही. आदित्य मोडक हे स्वतः गायक आहेत, गुरूंचे काम करणारे अरुण द्रविडही गायक. त्यामुळे जे बेसूर ते खरोखर किंचित बेसूर, आणि ते 'किंचित'च जीव घेते.

या सभेत गाणे शिकलेले, चित्रकला शिकलेले, कविता करून पाहिलेले पुष्कळजण असतील. निष्ठा पुरेशी असली तर सिद्धी येते, असे आपल्याला लहानपणापासून सांगत आले. येथे निष्ठा पुरेपूर आहे. कोणी फसवले नाही, नशिबाने मारले नाही, मोठे संकटही आले नाही. केवळ देणगी थोडी कमी पडली. असा नायक मराठी पडद्यावर आम्ही तरी पूर्वी पाहिला नव्हता. एक संग्राहक बैठकीत बसून माईंविषयीची कडू माहिती सांगू लागतो तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. आम्हांला त्या क्षणी शरदचाच राग आला, आणि तो संग्राहक खोटे बोलत असेल असेही वाटेना.

शेवटी तो लोकलमध्ये बसला आहे. शेजारी बायको, जवळ लहान मुलगी. डब्यात एक भिकारी गात येतो, वाद्य साधेसे, गळा मोकळा. शरद ऐकतो. कॅमेरा त्याच्याकडे पाहत राहतो, आणि गाडी चालू असते.