तलावातली मासळी आणि सभासद नसलेल्या बाया
(किनारा व जैवविविधता या विषयावरील शिबिरात केलेले भाषण)



समुद्राच्या शिबिरात भंडाऱ्याची बाई कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. आमच्याकडे समुद्र नाही. सकाळी आपण वाढवण बंदरावर बोललो. २०२४ साली त्याची पायाभरणी झाली. भराव पडला की मासळीची अंडी घालायची जागा जाते आणि मासळी विकणाऱ्या बाईची टोपली रिकामी होते, असा मुद्दा तिथे निघाला. गोड्या पाण्यातही हेच घडतं. ते सांगायला मी आले आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, पण तलावांची गोष्ट दोन्हीकडे एकच. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी काही शतकांपूर्वी पाळी घालून हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. मासे धरणं हा ढिवर समाजाचा धंदा. आता तलावांचे ठेके त्यांच्या सहकारी संस्था घेतात.

समाजकार्याची पदवी घेऊन मी या गावांत पाहणीला गेले, तेव्हा माझ्या तक्त्यात दोन रकाने होते : कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय आणि वर्षाला किती किलो मासे. मी पुरुषांना विचारायची, बाया चहा करायच्या. एके दिवशी एक मावशी म्हणाली, "बाई, तुमी किलो इचारले, मासोऱ्या नाई इचारल्या." तिने टोपली पुढे ओढली. तिच्यात बोटाएवढ्या मासळीचे कितीतरी प्रकार होते. कोणती बाळंतिणीला द्यायची, कोणती वाळवून ठेवायची, कोणती पावसाच्या पहिल्या पाण्याला वर चढते, सगळं तिला ठाऊक. माझ्या तक्त्यात त्यातलं काहीच बसत नव्हतं. बायांसाठी काम करते म्हणणारी मी, मीसुद्धा फक्त पुरुषांनाच मोजत होते.

ही मासळी का कमी झाली? उत्पन्न वाढावं म्हणून तलावांत कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. हे वाहत्या नदीत वीण करणारे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा वाढतात, पण वीत नाहीत. म्हणून बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळ, मागूर, शिंगूर तलावातच वितात, त्यांना बीजाचा खर्च नाही. पण त्यांना काठाचं उथळ पाणी आणि पाणवनस्पती लागतात. गवत्या मासा त्या वनस्पती खाऊन टाकतो. काठावर बेशरम माजते, गाळपेरात अतिक्रमण होतं, धानावरची औषधं पावसाबरोबर तलावात उतरतात. गाळ काढायचा म्हणून यंत्राने सरसकट खोल खड्डा केला की उथळ काठही जातो.

नदीची गतही वेगळी नाही. १९८८ साली पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. वाहती नदी साठ्यात बदलली, गावं उठली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि तिथून या साठ्यात येतं. याच वैनगंगेचं पाणी पुढे प्राणहितेतून, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे आमची घाण शेवटी समुद्राकडेच निघते.

पण बिघडलेलं सुधारता येतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांबरोबर हे काम केलं आहे. बायांनी बेशरम मुळासकट उपटली, काठावर देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कुठे लावायची आणि कोणता मासा तिच्या आडोशाला राहतो, हे ज्ञान गावातच होतं. बाहेरून कुणी आणलं नाही.

आता माझा खरा मुद्दा. बेशरम उपटायला बाया, मासळी विकायला बाया. पण संस्थेच्या सभासदांच्या यादीत नाव नवऱ्याचं! मी काम केलं त्या गावांत मी हेच पाहिलं. कोणतं बीज सोडायचं हे सभेत ठरतं, आणि सभेला बाई नाही. नवरा वारला तर तलावावरचा तिचा हक्कच अधांतरी. मग लहान मासळीची बाजू मांडणार कोण? जिच्या ताटात ती मासळी आहे, तिला मत नाही. तलावातलं वैविध्य टिकवायचं असेल तर आधी संस्थेत बाया हव्यात. हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

कोणी म्हणतं, बायांनी सभेला येऊन करायचं काय, त्या जाळं टाकत नाहीत. जाळं टाकणं म्हणजेच मासेमारी, हे कुणी ठरवलं? निवडणं, वाळवणं, डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणं, हे काम नाही?

परत गेल्यावर आपापल्या गावच्या मच्छीमार संस्थेची सभासद यादी मागा. त्यात बायांची नावं किती, ते मोजा. तलाव असो, खाडी असो, सुरुवात तिथूनच करू. मीही माझा तक्ता बदलला आहे. त्यात आता मासळीची नावं लिहायला जागा आहे, आणि ती नावं सांगणाऱ्या बाईच्या नावालाही.