हेमिसचे मुखवटे आणि पाहुण्याची दृष्टी

(लखनौ येथे मराठी भाषकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लखनौ शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवर वसलेले आहे. लडाखमधील लेह साडेतीन हजार मीटरांवर आहे. या दोन ठिकाणांमधील अंतर आज फार वाटत नाही. रेल्वेने जम्मू किंवा चंडीगड गाठावे आणि पुढे श्रीनगरवरून झोजी ला ओलांडून अथवा मनालीवरून उंच खिंडी पार करून लेहला पोहोचावे. नाहीतर दिल्लीहून विमानाने दीड तासात उतरावे. विमानाने जाणाऱ्याला मात्र तेथील हवा लगेच एक धडा शिकवते. विरळ हवेत श्वास अपुरा पडतो, डोके जड होते आणि पहिले दोन दिवस निमूटपणे विश्रांती घ्यावी लागते. जेथे शरीरालासुद्धा थांबून जुळवून घ्यावे लागते, तेथील धर्मविधी पाहण्यासाठी मनाला किती तयारी करावी लागेल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

लेहहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, सिंधू नदी ओलांडून गेल्यावर एका घळीत हेमिसचा मठ आहे. हमरस्त्यावरून तो दिसतही नाही. द्रुकपा काग्यू संप्रदायाचा हा मठ सतराव्या शतकात ताक्त्सांग रेपा या सिद्धपुरुषाने राजा सेंगे नामग्याल याच्या आश्रयाने उभारला. तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील दशमीच्या सुमारास, म्हणजे साधारणतः जून-जुलैमध्ये, येथे दोन दिवसांचा उत्सव भरतो. गुरू पद्मसंभवाच्या जन्माचे हे स्मरण होय. या उत्सवात मठाच्या प्रांगणात भिक्षू मुखवटे धारण करून जे नृत्य करतात, त्यास छाम म्हणतात. दर बारा वर्षांनी, तिबेटी गणनेतील वानर वर्षी, पद्मसंभवाचा भव्य रेशमी चित्रपट तेथे दर्शनासाठी उलगडला जातो. असा योग २००४ आणि २०१६ साली आला होता. पुढचा २०२८ साली येईल.

पद्मसंभव आठव्या शतकातील. राजा ठिसोंग देत्सेन याने नालंदेचे आचार्य शांतरक्षित यांना तिबेटात बोलावले. साम्ये येथील विहाराच्या उभारणीत अडथळे येऊ लागले, तेव्हा शांतरक्षितांच्या सल्ल्यावरून पद्मसंभवाला पाचारण करण्यात आले. त्याने नृत्य करून भूमीतील विघ्नकर्त्या शक्तींना वश केले, त्यांचा नाश न करता त्यांना धर्माचे रक्षक होण्याची शपथ दिली, असे परंपरा सांगते. छामचे मूळ या कथेत मानले जाते. ही वाट मुळात गंगेच्या मैदानातून वर गेलेली आहे. लखनौपासून काही तासांच्या अंतरावर श्रावस्ती आहे. तेथील जेतवनात भगवान बुद्धांनी अनेक वर्षावास व्यतीत केले. ज्या विचाराचा उपदेश या मैदानात झाला, तोच पुढे हिमालयाच्या घळींमध्ये ढोलांच्या आणि झांजांच्या नादात मुखवटे लेवून उभा राहिला. म्हणून लखनौहून हेमिसला जाणारा प्रवासी अगदी परक्या मुलखात जात नाही.

प्रांगणात प्रथम लांबच लांब तुताऱ्या घुमतात. त्यांचा आवाज छातीत उतरतो. मग सनईसारखी वाद्ये, झांजा आणि दांड्यावर बसवलेले ढोल यांची साथ सुरू होते. जरतारी, लांब बाह्यांचे पेहराव केलेले भिक्षू संथ पावलांनी ध्वजस्तंभाभोवती फिरू लागतात. ज्याला कथकाच्या द्रुत चक्रांची सवय आहे, त्या लखनवी प्रेक्षकाला ही गती आरंभी कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. एक पाऊल उचलावे, थांबावे, अर्धे वळावे, पुन्हा थांबावे, असे तासन् तास चालते. मात्र हे नर्तक प्रेक्षकांसाठी नाचत नसतात. उत्सवापूर्वी अनेक दिवस मठात पूजापाठ आणि ध्यान चालते. नर्तक स्वतःला त्या देवतेच्या रूपात पाहण्याचा अभ्यास करतो. नृत्य हा त्या साधनेचाच एक भाग असतो. अंगणात बसलेले लोक त्या साधनेचे साक्षी असतात.

पद्मसंभवाची आठ रूपे मुखवट्यांमधून अवतरतात. काही शांत, काही उग्र. धर्मरक्षक देवतांचे मुखवटे तर पाहताक्षणी भय वाटावे असे असतात: तीन डोळे, बाहेर आलेले सुळे, मस्तकावर कवट्यांचा मुकुट. नवख्या माणसाला वाटते, ही राक्षसांची रूपे असावीत. वस्तुतः ती करुणेचीच रूपे आहेत. मूल विस्तवाकडे धावले की आईचा चेहरा क्षणभर उग्र होतो, तसा हा क्रोध आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत असेही सांगतात की, मृत्यूनंतरच्या अवस्थेत जीवाला शांत आणि उग्र अशी दोन्ही रूपे दिसतात. ज्याने ती जिवंतपणी मठाच्या अंगणात पाहिली आहेत, तो त्या वेळी भिऊन पळणार नाही; ती आपल्याच मनाची रूपे आहेत, हे तो ओळखील. आजीच्या मांडीवर बसून लडाखी बालक हे मुखवटे पाहते, ते या अर्थाने एक दीर्घ शिक्षण असते.

विधीच्या अखेरच्या भागात पिठाची एक मानवाकृती आणली जाते आणि नर्तक शस्त्राने तिचे तुकडे करतो. काळ्या टोपीच्या नृत्याशी एक कथा जोडलेली आहे. तिबेटातील बौद्ध धर्माचा विरोधक म्हणून स्मरणात राहिलेला राजा लांगदर्मा याचा वध ल्हालुंग पेलग्यी दोर्जे या भिक्षूने नर्तकाच्या वेषात येऊन केला. परंपरेने या घटनेचे वर्ष ८४२ मानले जाते. तथापि, या आकृतीचा अर्थ विचारला तर जाणता लामा राजाचे नाव घेणार नाही. ती आकृती अहंकाराची आहे; आपला लोभ, द्वेष आणि अज्ञान तिच्यात बसवले आहे, असे तो सांगेल. ज्याने चेहरा झाकून स्वतःचे नाव आणि ओळख बाजूला ठेवली, त्यानेच अहंकारावर शस्त्र चालवावे, यात मोठे औचित्य आहे.

या गंभीर वातावरणात हास्यालाही स्थान आहे. अनेक मठांच्या छाममध्ये हाशांग नावाचा स्थूल, हसरा मुखवटा असतो आणि त्याच्याभोवती छोटे मुखवटे घातलेली मुले बागडतात. भूतानच्या उत्सवांत लांब नाकाचे, लाल तोंडाचे विदूषक असतात. त्यांना अत्सारा म्हणतात. हा शब्द संस्कृत आचार्य या शब्दापासून आला, असे सांगतात. भारतातून डोंगर ओलांडून गेलेल्या आचार्यांची स्मृती तेथे विदूषकाच्या रूपाने शिल्लक राहिली आहे. शिक्षकवर्गाने हे अवश्य ध्यानात ठेवावे. हा विदूषक नर्तकाचा सुटलेला पट्टा सावरतो, गर्दीला मागे सारतो आणि पोक्त मंडळींची थट्टाही करतो. लोकांना हसवत तो विधीची शिस्त राखतो.

मुखवट्याचे हे पावित्र्य केवळ बौद्धांचे नाही. गढवालमधील सलूड-डुंग्रा या जुळ्या गावांत दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस रम्माण हा उत्सव होतो. भूमियाळ देवतेच्या मंदिरात रामकथेचे गायन आणि मुखवट्यांची नृत्ये होतात. नरसिंहाचा मुखवटा धारण करण्याचा अधिकार फक्त भंडारी मंडळींना आहे. युनेस्कोने २००९ साली या उत्सवाची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. २००० सालापर्यंत हा प्रदेश उत्तर प्रदेशातच होता आणि त्याचा कारभार याच लखनौतून चालत असे. आपल्या महाराष्ट्रात जव्हार-मोखाड्याकडे होणाऱ्या बोहाड्यातही देवदैवतांची सोंगे रात्री मशालींच्या उजेडात संबळाच्या तालावर नाचतात आणि तेथेही सोंगाचा मान घराण्याकडे असतो. ज्याने बोहाडा श्रद्धेने पाहिला आहे, त्याला हेमिसच्या अंगणात फारसे परकेपण वाटणार नाही.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. लडाखमधील बहुतेक मठांचे उत्सव पूर्वापार हिवाळ्यात होत आले. शेतीची कामे थांबलेली असतात, गावकऱ्यांना सवड असते. हेमिसचा उत्सव उन्हाळ्यात येतो, म्हणून तो जगाला अधिक ठाऊक झाला. पुढे पर्यटक वाढले, तेव्हा काही मठांनी आपले हिवाळी उत्सव उन्हाळ्यात आणले. यात मठाला उत्पन्न मिळते, गावातील तरुणांना रोजगार मिळतो. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या आजीला नातवाला घेऊन अंगणात बसायचे असते, तिच्यापुढे कॅमेऱ्यांची भिंत उभी राहते. नर्तकाच्या वाटेत शिरून छायाचित्र घेणारे लोक आढळतात. उत्सव ज्यांचा आहे तेच मागे लोटले गेले, तर साक्षी कोण उरेल? आणि साक्षी नसतील तर भिक्षूची साधना हळूहळू प्रयोगाचे रूप घेईल, ही भीती खरी आहे.

यावर प्रवास सोडून देणे हा उपाय नव्हे. दुसऱ्याच्या परंपरेकडे कसे जावे, याचा आदर्श लखनौच्या मराठी माणसाला दूर शोधावा लागत नाही. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. नंतर पूर्व आणि उत्तर भारतातही हिंडले. जाताना ते ग्रंथ वाचून, प्रश्न लिहून नेत. विद्वानांपुढे आणि उस्तादांपुढे शिकणाऱ्याच्या भूमिकेतून बसत. घराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा मिळवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे धीर धरला. मिळाले ते स्वरलिपीत लिहिले आणि प्रसिद्ध केले. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपात आहे, हेही सूचक आहे. अखेर १९२६ साली याच लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले. त्याचेच आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे. ज्या भूमीकडून त्यांनी घेतले, तिला त्यांनी शाळा दिली.

तयारी, नम्रता, धीर आणि परतफेड या भातखंडे यांच्या गुणांनी हेमिसचा प्रवासही सार्थ होऊ शकतो. निघण्यापूर्वी पद्मसंभवाची कथा वाचावी. अंगणात स्थानिक वृद्धांना पुढची जागा द्यावी. छायाचित्र घ्यायचे तर परवानगीने आणि थोडे. उरलेला वेळ डोळ्यांनी पाहावे. नृत्याचा अर्थ कळला नाही तर शेजारच्या माणसाला विचारावे आणि त्याने सांगितले नाही तर तोही त्याचा अधिकार आहे, हे मानावे. छामच्या पावलांचे लेखी नियम मठांत जपलेले असतात. भातखंडे यांनी चिजा सर्वांसाठी खुल्या केल्या, म्हणून प्रत्येक विद्या तशीच खुली झाली पाहिजे असा हट्ट धरता येणार नाही. काही विद्या तयारीनंतरच द्यावयाच्या असतात. ही मर्यादा पाळणे हेही शिक्षण आहे.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत अलीकडे हिमालयातील मुखवट्यांची नृत्ये सादर होतात. मुलांचा उत्साह कौतुकास्पद असतो. तथापि, बाजारातून मुखवटा आणून पाच मिनिटांचा नाच बसवण्यापूर्वी त्या मुखवट्याचे नाव, त्याची कथा आणि तो कोणाला पूज्य आहे, एवढे तरी मुलांना सांगितले जावे. ज्या मुलाने हे ऐकले, ते नाच संपल्यावर मुखवटा जमिनीवर भिरकावणार नाही. तो दोन हातांनी उचलून ठेवील. पुढे मोठेपणी ते खरोखर लडाखला गेले, तर आजीच्या पुढे उभे राहणार नाही.