रस्त्यावर पळणारी पाचर

 

संयोजकांनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, विषय कोणता घेणार?" त्यांच्या मनात सियाचीन असणार, नाही तर कारगिल. मी म्हटलं, ऐंशीच्या दशकातल्या जपानी स्पोर्ट्स कूपे. त्यातही पाचरीसारख्या दिसणाऱ्या, जरा विक्षिप्त. फोनवर थोडा वेळ शांतता होती.

कूपे म्हणजे दोन दारांची, मागे छप्पर उतरत गेलेली गाडी. आणि पाचर म्हणजे आपल्या सुताराची पाचर, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला जाड. आपल्याकडे कुणी पाचर मारली की चालतं काम अडतं. जपान्यांनी पाचरच रस्त्यावर पळवली.

आता मी कोण हे आधी सांगतो, म्हणजे या प्रेमातली अडचण कळेल. मी ईएमईतला, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणारी मंडळी. आमच्या लेखी चांगली गाडी कोणती? जिचा सुटा भाग लेहला मिळतो आणि जोधपूरलाही मिळतो. जी कुठलाही ड्रायव्हर रात्री अंधारात, हातमोजे घालून चालवू शकतो. जिच्यात बिघडण्यासारखं कमीत कमी आहे. या कसोटीवर आज ज्या गाड्यांबद्दल बोलणार आहे त्यातली जवळजवळ प्रत्येक नापास आहे. तरी चाळीस वर्षं त्या डोक्यातून जात नाहीत.

पाचर मुळात जपानची नाही, इटलीची. १९६८ साली बेर्तोने या डिझाइन कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनीनं आल्फा रोमिओ काराबो नावाची प्रदर्शनाची गाडी काढली. १९७१ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात त्याचीच लॅम्बोर्गिनी काउंटाश आली. मग सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये सुपरकारचं वेड पसरलं. 'सर्किट नो ओकामी' नावाची चित्रकथा १९७५पासून साप्ताहिकात यायची, आणि शाळकरी पोरं काउंटाशच्या आकाराची खोडरबरं जमवायची. घेणं तर सोडाच, बघायलाही मिळणार नाही अशा गाडीवर एक अख्खी पिढी जीव टाकत होती.

पण जपानी कारखान्यांनी नुसती नक्कल केली असती तर मी आज इथे बोलत नसतो. त्यांच्यावर एक बंधन होतं. इंजिन २००० सीसीच्या वर गेलं किंवा गाडी १.७ मीटरपेक्षा रुंद झाली की कर भरमसाट वाढायचा. १९८९पर्यंत हे असंच होतं. त्यामुळे इटालियन पाचर रुंद, जमिनीला चिकटलेली, पँथर दबा धरून बसावा तशी. जपानी पाचर अरुंद. रेषा त्याच, पण अंगावर कपडा आखूड झाल्यासारखा. थोडी विनोदी दिसते. मला वाटतं तिच्या गोडव्यातला निम्मा भाग इथेच आहे.

दुसरं कारण व्यापाराचं. १९८१मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपाननं वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींचीच निर्यात करायचं मान्य केलं. गाड्यांची संख्या बांधली गेली की प्रत्येक गाडीमागे जास्त पैसा मिळवावा लागतो. साध्या गाडीपेक्षा जरा नखरेल गाडी पाठवणं परवडतं. देशात पैसा खेळत होता, इंजिनिअर तरुण होते, इलेक्ट्रॉनिक्स नवं होतं.

या सगळ्यातून जे निघालं त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे १९८५ची सुबारू एक्सटी. जपानमध्ये तिचं नाव अल्सिओने. सुबारू हे जपानीत कृत्तिका नक्षत्राचं नाव. कंपनीच्या चिन्हात सहा तारे आहेत, आणि अल्सिओने ही कृत्तिकांमधली सर्वांत तेजस्वी तारका. आपल्या पुराणात सहा कृत्तिकांनी कार्तिकेयाला वाढवलं आणि तो देवांचा सेनापती झाला. तेव्हा फौजी माणूस या गाडीकडे ओढला गेला यात माझा काही दोष नाही.

या कंपनीचं मूळ विमानात आहे. नाकाजिमा ही जपानची मोठी विमान कंपनी. तिची हायाबुसा लढाऊ विमानं दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडाली. युद्ध हरल्यावर कंपनीचे तुकडे झाले, आणि त्यातले काही १९५३ला एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली. तीच सुबारू बनवणारी. आता एक्सटीत बसा, म्हणजे बत्तीस वर्षांनीही विमान गेलं नव्हतं हे कळेल. स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंना बटणांचे ठोकळे. स्टीअरिंग वरखाली केलं की ठोकळे आणि मीटरसुद्धा बरोबर हलतात, म्हणजे बुटका असो की उंच, सगळं हाताशी. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा जॉयस्टिकसारखा, बोटाखाली ट्रिगर. टर्बो मॉडेलमध्ये काटे नाहीत, नारिंगी पडद्यावर आकडे आणि आलेख, क्षितिजाकडे पसरत गेलेले. बाहेर वायपर एकच, भला मोठा, थांबला की बोनेटच्या कडेखाली लपणारा. दाराच्या कड्यांवर झडपा. का? तर वाऱ्याला अडायला काही नको. कंपनीनं सांगितलेला हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.२९ होता. त्या काळी ०.३०च्या खालची गाडी म्हणजे मोठी गोष्ट.

इंजिनही या आकाराला साथ देणारं. सुबारूचे सिलिंडर आडवे झोपलेले असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. उंची कमी, म्हणून बोनेट खाली आणता आलं. मात्र ते इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे बसतं, त्यामुळे नाक जड. वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. आणि स्टीअरिंगचा आकार असा, की पिस्तूल आडवं ठेवलंय असं वाटावं. त्यानं गाडी तसूभरही बरी वळत नाही! दिसायला स्पोर्ट्स, स्वभावानं लांब पल्ल्याची आरामगाडी. चिडायचं तर जरूर चिडा, मी चिडत नाही.

माझी मुलगी न्यूझीलंडला असते. तिकडे जपानमधून वापरलेल्या गाड्या फार येतात, स्टीअरिंगही आपल्यासारखं उजवीकडे. एका रविवारी ती मला जुन्या जपानी गाड्यांच्या मेळाव्याला घेऊन गेली, आणि तिथे पांढरी एक्सटी उभी होती. मालक माझ्याच वयाचे, निवृत्त शाळामास्तर. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी किल्लीच हातात दिली. "बसा, पण दार हळू लावा. तो रबर आता मिळत नाही."

या गाडीला हवेचं सस्पेन्शन असायचं. खराब रस्ता आला की बटण दाबून गाडी वर उचलायची. मी बटण शोधलं. मास्तर हसले. ते केव्हाच गेलं होतं. हवा गळायची, सकाळी बघावं तर गाडी म्हाताऱ्या म्हशीसारखी एका अंगावर बसलेली. शेवटी त्यांनी साध्या स्प्रिंगा घातल्या. पडदा मात्र चालत होता. तो कुठून आणला विचारलं, तर म्हणाले, घरामागे दोन मेलेल्या एक्सटी आहेत.

फौजेत याला कॅनिबलायझेशन म्हणतात. एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावायचा. ते वरच्या परवानगीशिवाय करायचं नसतं, कारण हिशेब भयंकर सरळ आहे. आज एक गाडी चालू झाली, उद्या एक कायमची बाद. तो मेळावा मी नंतर निराळ्या नजरेनं पाहिला. चाळीसेक गाड्या चमकत होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे कुणाच्या तरी अंगणात एक-दोन सांगाडे. सामान्य गाडीचे भाग वर्षानुवर्षं बनत राहतात. विक्षिप्त गाडीचा भाग फक्त तिलाच लागतो, म्हणून आधी तोच संपतो. ज्या गोष्टीसाठी ती आवडली तीच तिला मारते.

असो. बाकीच्यांकडे वळतो, नाही तर वेळ एक्सटीतच जाईल.

इसुझू पियाझा. इसुझू म्हटलं की आपल्याला ट्रक आठवतो. नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बॅसडरला १८०० सीसीचं इंजिन आलं तेही इसुझूचंच. त्या कंपनीनं जॉर्जेत्तो जुजारोकडून १९७९मध्ये एक नमुना करून घेतला, नाव 'आस्सो दी फियोरी', म्हणजे पत्त्यांतला किलवरचा एक्का. प्रदर्शनातली गाडी सुंदर असते आणि कारखान्यातून येईपर्यंत तिचं भजं होतं, हा जगाचा नियम. पियाझा १९८१ला आली ती जवळपास तशीच. फक्त जपानी कायद्यानं १९८३पर्यंत आरसे दारावर चालत नव्हते, पुढच्या मडगार्डवर लागायचे. त्यामुळे त्या इटालियन अंगाला घरच्या रस्त्यावर दोन शिंगं. खाली सांगाडा जुन्या साध्या गाडीचा होता. पुढे लोटसकडून सस्पेन्शन सुधारून घेतलं आणि गाडीवर तसं लिहिलंही.

निसान तर आम्हा फौजींच्या घरातली. जबलपूरला बनणारी जोंगा आणि एक टनी, दोन्ही निसानच्या. जोंगाची ताडपत्री काढली की उघडी गाडी, घातली की बंद. १९८६च्या निसान एक्साची कल्पना हीच म्हणा ना. मागचं अख्खं झाकण निघतं. अमेरिकेत उतरत्या काचेचं झाकण काढून त्याजागी चौकोनी टपासारखं झाकण बसवता यायचं, कूपेची झाली छोटी व्हॅन. जपानच्या नोंदणीच्या नियमात ही अदलाबदल बसत नव्हती. शिवाय काढलेलं झाकण ठेवायचं कुठे? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं काय पलंगाखाली ठेवायचं?

आणि टोयोटा एमआर-टू, १९८४. ही विक्षिप्त असूनही शहाणी. इंजिन सीटच्या मागे, फेरारीसारखं, पण इंजिन कोरोलाच्या घराण्यातलं, १६०० सीसीचं. वजन टनाच्या आसपास. जपानमध्ये मोठ्या संख्येनं बनलेली अशी ही पहिलीच गाडी, आणि त्या वर्षीची जपानची कार ऑफ द इयर. माझ्या वर्कशॉपमध्ये एकच ठेवायची म्हटलं तर मी निमूटपणे हीच ठेवीन. स्वप्नात मात्र एक्सटीच येते. फ्रान्समध्ये या टोयोटाच्या नावाचा उच्चार एका शिवीसारखा व्हायचा, म्हणून तिथे 'टू' गाळून विकली. शिवी कोणती ते नातवंडांना विचारू नका.

या बहुतेकांच्या नाकात एक गोष्ट सारखी, उघडमीट करणारे दिवे. नाक इतकं खाली, की दिवा नियमानं लागणाऱ्या उंचीवर बसेचना. मग दिवसा झोपवा, रात्री उभे करा. मोटर, सांधे, वायरी, सगळं बिघडण्यासारखं. एक अडकला की गाडी डोळा मारतेय असं दिसतं. पुढे साधे दिवेच लहान आणि हवे त्या आकाराचे झाले, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम आले, आणि २००४नंतर मोठ्या प्रमाणात बनणाऱ्या गाड्यांतून हे दिवे गेलेच.

गाड्या त्याच्या आधीच गेल्या होत्या. सप्टेंबर १९८५च्या प्लाझा करारानंतर येन महागला. २४०च्या आसपास असलेला डॉलर दोन वर्षांत दीडशे येनच्याही खाली आला. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला स्वस्त वाटणारी गंमत आता महाग झाली, आणि महाग गंमत कोण घेतो? एक्सटी १९९१ला थांबली. मला त्या गाड्यांत जे दिसतं ते हे, की प्रत्येक चमत्कारिक गोष्टीमागे कुणीतरी खरोखर विचारलेला प्रश्न आहे. बुटक्या माणसाचा हात बटणापर्यंत कसा जाईल? वायपर वाऱ्यात नको तर ठेवू कुठे? उत्तर कधी बरोबर, कधी हास्यास्पद, पण बोट लावून दाखवता येतं. आजच्या गाडीत सगळी उत्तरं एकाच काचेच्या पाटीमागे आहेत. सेवेत असतो तर मी आजचीच गाडी मागितली असती.

आपल्याकडे या बघायला मिळणं कठीण. वापरलेली परदेशी गाडी सहसा तीन वर्षांपेक्षा जुनी आणता येत नाही. पण तुमच्यापैकी अनेकांची मुलं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंडला आहेत. पुढच्या खेपेला मॉल आणि धबधबे एक दिवस बाजूला ठेवा, जुन्या जपानी गाड्यांचा मेळावा कुठे आहे विचारा. तिथे एखाद्या पाचरीच्या मालकाजवळ जा आणि म्हणा, दिवे उघडून दाखवता का? फार वेळ उघडे ठेवायला लावू नका, मोटरी जुन्या आहेत.

 जय हिंद.