काचपेटींतील सोबत

पेटींत संथपणें फिरणारे मासे पाहून मनाला स्वस्थता येते, म्हणून मीं घरीं आठ गप्पी पाळले होते. नातवाच्या हट्टाखातर त्यांत ऑस्करचें अडीच इंचांचें पिल्लू सोडलें. तें गरीब आहे, असें दुकानदार म्हणाला; पिल्लू होतें तोंवर तें खरेंहि होतें. पण ॲमेझॉनच्या खोऱ्यांतला हा मासा वाढून फूटभर होतो, आणि तोंडांत मावेल तें भक्ष्य, एवढीच त्याची नीति.

नातू रोज सकाळीं गप्पी मोजी. सात झाले, पांच झाले; "झाडांआड लपले असतील," असें मी सांगत राहिलों. जन्मभर मुलांना खरें बोलण्याचे धडे दिले, आणि हें! दोनच उरले तेव्हां त्यानें विचारलें, "आजोबा, ऑस्करनें खाल्ले ना?" मीं हो म्हटलें.

सोबत हवीच, तर ती गिळतां न येण्याजोगी हवी. सिल्व्हर डॉलर हे दक्षिण अमेरिकेंतलेच शांत, मुख्यतः वनस्पति खाणारे मासे; अंग चपटें, तळहाताएवढें. मात्र ते समूहानें राहतात. एकट्या ऑस्करलाच चार फुटी पेटी लागते. या सर्वांना सहा फुटी. आमच्या बैठकींत तेवढी जागा नाही. उरलेले दोन गप्पी वेगळ्या लहान पेटींत ठेवले आहेत. त्यांना खाणें नातूच घालतो.