चेतकचं इंजिन घरी बदलताना
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्या इंदुरात अजून बऱ्याच घरांच्या ओसरीत एक जुनी चेतक चादरीखाली उभी असते. १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत बनू लागलेली ही स्कूटर आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली असते. ती चालत नाही आणि विकवतही नाही. मग कोणीतरी सुचवतं, "दुसरं इंजिन टाका." हे काम हौशी माणसाला घरी जमेल का?

जमेल. चेतकची रचनाच तशी आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक मिळून एकच संच; मध्ये चेन नाही. हा संच पुढे एका लांब आडव्या बोल्टवर आणि मागे शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर टांगलेला असतो. पेट्रोल बंद करून नळी काढा. मग कार्बोरेटर, सायलेन्सर, मॅग्नेटोच्या वायरी, क्लचची, मागच्या ब्रेकची आणि गिअरच्या दोन केबली सोडवा. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटी ते दोन बोल्ट काढले की इंजिन चाकासकट सुटतं. तेव्हा हाताशी दुसरा माणूस हवा, बॉडीखाली भक्कम लाकडी ठोकळा हवा, आणि आसपास उदबत्ती, निरांजन, विडी काहीही नको.

पण पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, इंजिन खरंच गेलं आहे का? किकला दाब लागत नसेल तर बहुधा पिस्टन-रिंगा झिजल्यात. पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलही कमी होतं, तर क्लचकडच्या ऑइल सीलवर संशय घ्या. अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन चढंच राहत असेल, तर मॅग्नेटोकडच्या सीलमधून हवा शिरत असू शकते. ही सगळी दुखणी त्याच इंजिनात बरी होतात.

दुसरी, नंबर. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. आतलं सगळं बदललं तरी नंबर तोच राहतो. अख्खं इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणून आधी आरटीओत विचारा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते. नंबर जुळला नाही की गाडी तिथंच अडते. बिल नसलेलं जुनं इंजिन चोरीच्या गाडीचंही निघू शकतं. ते घ्याल तेव्हा बिल आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत मागा.

माझं मत सरळ आहे. केस तडकलेली नसेल तर ती ठेवा, आतला माल बदला. दुसरं इंजिन घ्यायचीच वेळ आली तर सहा व्होल्ट की बारा, पॉइंटचं की इलेक्ट्रॉनिक, हे पाहूनच घ्या. नाहीतर दिवे आणि वायरिंगही बदलावं लागेल.

विसर्जनानंतरच्या रविवारी चादर काढा, केसवरची काजळी रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. पान्याचं काम त्यानंतर.

गणपती बाप्पा मोरया!