एका बेटाचा करारनामा



आजच्या व्याख्यानाचा फलक वाचून एका गृहस्थांनी मला वाटेत थांबवले आणि विचारले, "अहो, तुम्ही कामगारांत वावरणारे, तुम्हाला कुठल्या बेटाचे काय पडले आहे?" मी म्हटले, संध्याकाळी या, सांगतो. ते समोरच बसलेले दिसतात, तेव्हा आता सांगणे भाग आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचे एक बेट आहे. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीच. शिखर २,००० मीटरांहून उंच आणि पायथ्याशी एक सपाट पट्टी, तीवर एकुलते एक गाव. केपटाउन सुमारे २,८०० किलोमीटर दूर. विमानतळ नाही, बोटीने आठवडाभर तरी लागतो. लोकवस्ती आजही अडीचशेंच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या चाळीत याहून अधिक माणसे नांदतात.

१८१६ साली इंग्रजांनी तेथे शिबंदी ठेवली. नेपोलियन तेव्हा सेंट हेलेनावर कैदेत होता, आणि त्याला सोडवायला कोणी या बेटाचा आधार घेईल अशी धास्ती होती. सेंट हेलेना तेथून २,४०० किलोमीटर! पण राज्यकर्त्यांच्या धास्तीला अंतर कळत नाही. पुढच्याच वर्षी शिबंदी उठली. विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल मात्र बायकामुलांसह मागे राहिला, आणि त्याच्याबरोबर दोन गवंडी. ७ नोव्हेंबर १८१७ रोजी या मंडळींनी एक कागद केला.

करारनामे लिहिण्यात आणि त्यांवर भांडण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून या कागदाशी मी थबकलो. गुरेढोरे आणि साठा सर्वांचा सारखा; नफा सारखा वाटायचा; खरेदीचा खर्च सारखा सोसायचा; कोणी कोणावर वरचढपणा करायचा नाही; आणि कामाचा वाटा प्रत्येकाने उचलायचा, आजारी असेल तर त्याला सूट. मंडळी, ही आजाराची सूट पाहा. मोठमोठ्या वकिलांनी तयार केलेले मसुदे मी वाचले आहेत, त्यांत ही ओळ घालून घेण्यासाठी आम्हाला वर्षानुवर्षे झगडावे लागले. येथे मूठभर माणसांनी वाऱ्यात बसून ती आपणहून लिहिली. पुढे बाहेरचे लोक ग्लासला 'गव्हर्नर' म्हणू लागले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही जमीन सामाईक, आणि कोणत्या कुटुंबाने किती जनावरे ठेवायची यावर बंधन, ही रीत तेथे टिकली.

आता त्यांचा संसार पाहा. बेटावर होडीच्या फळीजोगे लाकूड नाही. जे झाड वाढते ते खुरटे, वाऱ्याने वाकलेले. मग त्या वाकड्या फांद्यांच्याच बरगड्या करायच्या, त्यांवर शिडाचे जाड कापड ताणून बसवायचे आणि वरून रंगाचे थर चढवायचे. अशी कापडाची होडी ही माणसे त्या खवळलेल्या समुद्रात घालीत. होडी हलकी, म्हणून किनाऱ्यावर ओढता येई. घराच्या भिंती ज्वालामुखीच्या दगडाच्या, छप्पर गवताच्या जातीच्या लांब पातींचे, आणि आतल्या फळ्या व तुळया फुटलेल्या गलबतांच्या. एखाद्या खलाशाचा शेवटचा आधार तेथे कोणाच्या तरी घराचे दार होई. पायांत कच्च्या कातड्याचे चढाव. मेंढीची लोकर घरीच पिंजायची, कातायची, विणायची. पैसा जवळजवळ नव्हताच. हिशेब बटाट्यांत चाले. १९४६ साली बेटासाठी टपालाच्या तिकिटाचा एक नमुना निघाला, त्यावर किंमत छापली होती एक पेनी आणि चार बटाटे!

येथे श्रोत्यांना हसू येते, आणि पुढचे वाक्य सहसा असे असते की, "पाहा, गरीब असून किती समाधानी!" या वाक्याची मला भीती वाटते. डब्याची बादली आणि जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या बाईचे कौतुक मी मालकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे, आणि ते नेमके पगारवाढीच्या बोलण्याच्या दिवशी! बेटावरच्या टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या हिकमतीलाही किंमत मोजावी लागली आहे. १८८५ साली जाणाऱ्या एका जहाजाशी मालाची अदलाबदल करायला एक होडी गेली, ती परत आली नाही. १५ पुरुष बुडाले. एवढ्याशा गावात त्या दिवशी किती चुली थंडावल्या असतील! ही काही हौसेची काटकसर नव्हे.

मग ऑक्टोबर १९६१ मध्ये गावाच्या अगदी शेजारीच ज्वालामुखी फुटला. अडीचशेंहून अधिक माणसे होड्यांतून निघाली आणि केपटाउनमार्गे इंग्लंडला पोहोचली. साउथॅम्प्टनजवळ कॅलशॉट येथे त्यांना घरे मिळाली, कारखान्यांत कामे मिळाली, हप्त्याला रोख पगार, दिवे, दुकाने. अनेकांना वाटले, आता ही माणसे सुटली. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झाले. परत जावे म्हणणारे १४८, राहावे म्हणणारे ५.

संपाच्या ठरावालाही इतके मत मिळताना मी क्वचितच पाहिले आहे. पण याचा अर्थ त्यांना पगार नको होता असा कोणी काढू नये. बेटावर शेवंड्यांचा कारखाना १९४९ च्या सुमारास सुरू झाला होता, तेथे ही माणसे मजुरी करीतच होती. लाव्ह्याने तो गाडला, आणि परत गेल्यावर तो नव्याने उभारला गेला. मजुरीची त्यांना लाज नव्हती. बायका लोकर विणतात, पुरुष होडी बांधतात, हे काम तेथे कोणाच्या दयेवर नसते, आणि आपल्या शेतातल्या बटाट्यांवर दुसऱ्याचे घड्याळ चालत नाही, एवढे त्यांना पुरते ठाऊक होते. साउथॅम्प्टनच्या कारखान्यात हे कलम कोणी लिहून दिले नसते.

१९६३ साली बहुतेक सर्व परतले. १९६६ मध्ये काही जण पुन्हा इंग्लंडला गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, पोराबाळांचे पुढचे प्रत्येकाला पाहावे लागते. राखेने आणि लाव्ह्याने जुना किनारा बुजला होता, होड्या लावायला जागा उरली नव्हती, म्हणून १९६७ साली एक छोटे बंदर बांधण्यात आले. त्याला नाव दिले कॅलशॉट, इंग्लंडमधल्या त्या निवाऱ्याचे.